एका पडद्यावर दोन ऑफिसं

आमच्या घरात तो मॉनिटर आला तो माझ्या मानेमुळे. एके दिवशी मान आखडली ती सुटेचना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली, मग स्वतःच्याच मानेवरून हात फिरवला आणि विचारलं, "दिवसभर खाली बघून काय करता?"

"लोकांचे विम्याचे दावे तपासतो."

"मग वर बघून तपासा," ते म्हणाले. औषध दिलं नाही. औषध न देणारा डॉक्टर हुशार असतो असं माझं एक जुनं मत आहे, त्यामुळे मी तो सल्ला फारच मनावर घेतला.

घरून काम करणारे आम्ही दोघं. हॉस्पिटलांकडून येणारे दावे विमा कंपन्यांच्या वतीने तपासायचे, हा माझ्या कंपनीचा धंदा. आणि ही एका हॉस्पिटलच्या दावे विभागात. हिच्या विभागाची खोली हॉस्पिटलने नव्या एक्स-रे मशीनला दिली आणि माणसांना 'तात्पुरतं' घरी पाठवलं. त्या गोष्टीला आता इतका काळ लोटलाय की ते मशीनही जुनं झालं. जेवणाच्या टेबलावर आमचे दोन लॅपटॉप समोरासमोर, मध्ये मिठाची बाटली, अशी आमच्या संसाराची मांडणी होती. मॉनिटरचा विषय निघाला तेव्हा ही म्हणाली, "तुमची मान वर जाणार आणि माझी खालीच राहणार, असं चालायचं नाही." मागणी न्याय्य होती. पण दोन मॉनिटर त्या टेबलावर मावेनात. मी वर्तमानपत्राचे कागद कापून ठेवून पाहिले. मिठाची बाटली खाली पडली.

दुकानदाराने आमची अडचण शांतपणे ऐकून घेतली. मग आम्हाला दुकानाच्या मागच्या भागात नेलं. तिथे भिंतीशी एक काळाकुट्ट, रुंदच्या रुंद, दोन्ही टोकांना आत वळलेला पडदा उभा होता. त्यावर एक चिलखतवाला माणूस तलवार घेऊन धावत होता. तो डावीकडून निघाला आणि उजवीकडे पोचेपर्यंत आमचं बाकीचं दुकान बघून झालं.

"याला दोन कॉम्प्युटर एकदम जोडता येतात," दुकानदार म्हणाला. "अर्ध्या भागात तुमचं, अर्ध्या भागात वहिनींचं. गेमिंगचा आहे."

"आम्ही गेम खेळत नाही," मी म्हणालो.

"खेळायची सक्ती नसते," तो म्हणाला.

ही पडद्याकडे बघत होती. नव्या घराच्या रिकाम्या खोलीत उभं राहून माणूस कपाट कुठे ठेवायचं ते बघतो, तशी. मी ओळखलं की आता आपण फक्त 'हो' म्हणायचं शिल्लक आहे.

खोकं घरी आलं तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी, की खोकं लिफ्टमध्ये जात नाही. आडवं जात नाही, उभं जात नाही आणि तिरकं गेलं तर दार लागत नाही. जिन्याने न्यायचं तर वॉचमन म्हणाला, सामान जिन्याने न्यायला सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "फर्निचर असेल तर लागते. विजेची वस्तू असेल तर लागत नाही. ते काय आहे?" मी म्हणालो, विजेची वस्तू. "मग इतकी मोठी का?" म्हटलं, आतून मोठी नाही, थर्माकोल आहे. "थर्माकोल असेल तर मात्र लागते," ते म्हणाले. शेवटी मी खालीच खोकं उघडून थर्माकोल बाहेर काढला, मॉनिटर जिन्याने आणि थर्माकोल लिफ्टने असा वर नेला. खोकं मात्र फेकलं नाही. मोठं खोकं फेकायला मध्यमवर्गीय माणसाचा हात धजत नाही.

या साऱ्या मिरवणुकीत पहिल्या मजल्यावरचे लेव्हलकाका सामील झाले. काका निवृत्त सर्वेयर. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटी लेव्हल-बाटली असते, ती हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली. कुठेही गेले की ती काढून समोरच्या वस्तूवर ठेवून बघतात. आमच्या इमारतीत कोणाचंच काही लेव्हलमध्ये नाही, हे त्यांच्यामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत त्यांनी एकदा ताट उचलून टेबलावर बाटली ठेवली होती.

मॉनिटर टेबलावर उभा राहिला. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि सहानुभूतीने म्हणाले, "वाकलाय हो."

"तो तसाच असतो, काका."

"कोण म्हणालं?"

"दुकानदार."

"तो म्हणणारच," काका म्हणाले.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की त्या मॉनिटरचे पाय त्याच्यापेक्षा जास्त जागा घेतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखे ते पुढे पसरलेले. पाय टेबलावर मावले, पण कीबोर्ड हवेत आला आणि आमची नाकं पडद्याला टेकायची वेळ आली. म्हणून सुतार बोलावला. नवं, पुढेमागे ऐसपैस टेबल करायचं ठरलं. सुतारमिस्त्रींनीही मॉनिटरकडे पाहिलं आणि आधी टेबलाबद्दल नव्हे, त्याच्याबद्दलच बोलले. "फळी अशी वाकली तर आम्ही ओलं फडकं टाकून वर वजन ठेवतो," ते म्हणाले. "सरळ होते." पुढे ते टेबल करत होते तितके दिवस मी त्यांना मॉनिटरजवळ एकटं सोडलं नाही.

टेबल छान झालं. ते इतकं मोठं झालं की जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं, गॅलरीतल्या कुंड्या जिन्यात गेल्या, आणि जिन्यातल्या कुंड्यांबद्दल सेक्रेटरींचा फोन आला. कुंड्या ना फर्निचर ना विजेच्या, त्यामुळे त्यांची परवानगी कुठल्या प्रकारात मोडते ते त्यांना बघावं लागणार होतं. अजून ते बघतायत.

आता तिसरी गोष्ट. ही मला आजही नीट समजावून सांगता येत नाही, पण लेव्हलकाकांनी दोरी लावून सिद्ध केली. पडदा आत वळलेला असल्यामुळे त्याची दोन्ही टोकं मधल्या माणसाकडे बघतात. मध्ये तर कोणीच नाही. मी डावीकडे, ही उजवीकडे. त्यामुळे डावीकडे बसलेल्या मला माझा अर्धा भाग तिरका आणि हिचा अर्धा भाग थेट समोर दिसायचा. हिलाही तसंच. दोन दिवस मी हिचे ईमेल वाचत होतो आणि ही माझे, तेही इच्छा नसताना. मग आम्ही अदलाबदल केली. मी डावीकडे बसून उजवीकडचं काम बघायचं, हिने उजवीकडे बसून डावीकडचं. दिसायला चांगलं दिसायचं, पण आमची दृष्टी रोज सकाळी मध्येच कुठेतरी आडवी जायची आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं की या दोघांचं काहीतरी बिनसलंय. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये मी सतत कोणातरी दुसऱ्याकडे बघतोय असं दिसू लागलं, म्हणून शेवटी आम्ही पुन्हा आपापल्या बाजूचं काम आपापल्या समोर घेतलं.

त्यात ते दिवे. मॉनिटरच्या पाठीला दिव्यांची एक माळ होती, ती मनाला येईल तेव्हा रंग बदलायची. बंद कशी करायची ते माहितीपुस्तकात होतं, पण ते पान चिनीमध्ये होतं. भिंतीवर पडणारा तो उजेड माझ्या चेहऱ्यावर यायचा. एका मीटिंगमध्ये विभागप्रमुख दाव्यांच्या आकडेवारीबद्दल बोलता बोलता थांबले.

"तुम्हाला बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"बरंय की."

"मघाशी हिरवे दिसत होतात. आता जांभळे दिसताय."

मी खुलासा करायला गेलो आणि गेमिंग हा शब्द तोंडातून निसटला. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला. हे गृहस्थ मी कधी पाहिलेले नाहीत. आवाजावरून मात्र वाटतं की ते बसतानासुद्धा उभेच असावेत.

"आपण कामाच्या वेळेत गेम खेळता?"

"नाही. मॉनिटर फक्त त्या जातीचा आहे."

"टेबलाचा फोटो पाठवा."

मी पाठवला. परत फोन आला. "उजव्या अर्ध्या भागात काय आहे?"

"पत्नी."

"फोटोत त्या दिसत नाहीत."

"म्हणजे तिचं ऑफिस आहे."

"त्या आपल्या कर्मचारी आहेत का?"

"नाही."

"मग आपल्या गोपनीय फाइली त्यांना कशा दिसतात?"

"माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतात," असं मी खरं ते सांगून बसलो आणि काका, दोरी, वर्तुळाचा मध्य हे सगळं समजावू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं. दोन कर्मचाऱ्यांच्या मध्ये अपारदर्शक आडोसा पाहिजे, असा नियम त्यांनी वाचून दाखवला. तेव्हा ते न फेकलेलं खोकं कामी आलं. त्याची एक बाजू कापून आम्ही पडद्याच्या बरोबर मध्यावर उभी केली, ती टेबलाच्या काठापर्यंत. काकांनी बुडबुडा बघून ती काटकोनात उभी करून दिली. फोटो पाठवला, मंजुरी आली. आमचा संसार आता तिकिटांच्या दोन खिडक्यांसारखा दिसू लागला. चहाचा कप हवा असेल तर मी पुठ्ठ्यावर टकटक करायचो आणि पलीकडून 'जेवणाची सुट्टी आहे' असा आवाज यायचा.

इथे जरा आमच्या कामाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यात आहे. आमच्या धंद्यात निःपक्षपातीपणाचं फार कौतुक. दावा माझ्याकडे येतो तेव्हा हॉस्पिटलचं नाव झाकलेलं असतं. माझं उत्तर हॉस्पिटलकडे जातं तेव्हा माझं नाव झाकलेलं असतं. कोण कोणाला प्रश्न विचारतंय हे दोघांनाही कळू नये, म्हणजे न्याय होतो. शिवाय फाइलीतलं एक अक्षरही घरात बोलायचं नाही, अशी शपथ दोघांच्याही नोकरीत आहे, आणि आम्ही ती पाळत होतो. पण माणूस फाइलीबद्दल बोलला नाही तरी माणसांबद्दल बोलतोच.

पुठ्ठा उभा राहिला त्याच सुमारास माझ्या वाट्याला कोणत्यातरी हॉस्पिटलचा एक कारकून आला होता. त्याला मी 'निबंधकार' म्हणायचो. एका ओळीचा प्रश्न विचारला की हा गृहस्थ दीड पान लिहायचा. त्यात उपरोध असायचा, उदाहरणं असायची, परिच्छेद पाडलेले असायचे. माझ्या डोळ्यांपुढे एक जाड भिंगांचा, प्रमोशन हुकलेला, बायकोशी न पटणारा माणूस उभा राहायचा.

हिच्या वाट्यालाही एक जण आला होता. त्याला ही 'शंकासुर' म्हणायची. काहीही पाठवा, त्याला शंका. शंकेचं उत्तर पाठवा, उत्तरावर शंका. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी 'तरी योग्य तो खुलासा व्हावा'. हिच्या मते हा माणूस अविवाहित असावा आणि त्याला पोटाचा काहीतरी जुना विकार असावा.

जेवताना आम्ही एकमेकांचं सांत्वन करायचो. संसारात इतकी एकी आमची दुसऱ्या कुठल्याच विषयावर नव्हती. मी हिला सल्ला दिला होता, "शंकासुराला एकदाच इतकं लांब लिही, की त्याला पुढे विचारायला जागाच उरू नये." आणि हिने मला सल्ला दिला होता, "निबंधकाराला सगळे प्रश्न एकदम विचारू नका. एकेक विचारा. एकाचं उत्तर आलं की दुसरा. दमेल आपोआप." दोघांनीही एकमेकांचे सल्ले तंतोतंत पाळले. तरी माझा त्रास वाढतच गेला. हिचाही वाढत होता. का, ते कळत नव्हतं.

त्या दिवसांत माझ्याकडे एका वयस्क घड्याळजींची फाइल होती. घरातलं भिंतीवरचं घड्याळ लावायला स्टुलावर चढले, पडले, खुब्याचं हाड मोडलं. एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं मंजुरीवाचून अडलं होतं. मला शंका अशी, की गृहस्थांना आधीपासून चक्कर येण्याचा त्रास असणार आणि तो विमा घेताना लपवला असणार. तसं असेल तर दावा बाद. ही शंका सरळ विचारता येत नाही. तिच्या भोवतीने जावं लागतं. म्हणून मी विचारलं, 'पडण्याचे कारण स्पष्ट करावे.' निबंधकाराने पहिल्याच ओळीत उत्तर दिलं, 'गुरुत्वाकर्षण.' खाली दीड पान होतं, पण मी त्या एका शब्दावरच इतका संतापलो की बाकीचं वाचायला पाणी प्यावं लागलं. मग मी स्टुलाची उंची विचारली. ती आली. मग स्टुलाचा फोटो मागवला. तोही आला. मग विचारलं, 'रुग्णास स्टुलावर चढण्याची आवश्यकता काय होती?'

त्याचं उत्तर आलं ती दुपार. मी माझ्या खिडकीत, ही हिच्या खिडकीत. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. मी फाइल उघडली. निबंधकाराचं लिखाण मी स्वतःशीच मोठ्याने वाचतो, जरा त्याची नक्कल करत, नाकातून. राग काढायची ती माझी पद्धत आहे. शपथेचं म्हणाल तर मध्ये पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यातून आवाज जातो हे सुरक्षा अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"'घड्याळ भिंतीवर होते,'" मी नाकातून वाचलं.

पलीकडचा कीबोर्ड थांबला.

"'भिंत उंच होती,'" मी वाचलं.

"रुग्ण उंच नव्हता," पलीकडून हिचा आवाज आला. अगदी शांत. पाढे म्हणताना येतो तसा.

मी पडद्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य तेच होतं. 'रुग्ण उंच नव्हता.' पूर्णविराम.

"तू माझी फाइल वाचतेस?" मी म्हणालो. "पुठ्ठा असताना?"

"मी वाचत नाहीये," ही म्हणाली. "मी लिहिलंय ते."

पुठ्ठा हलला. त्याच्या वरून आधी हिचे केस आले, मग कपाळ, मग डोळे. डोळे आले तिथेच थांबले. त्या डोळ्यांत मी स्वतःला अविवाहित, पोटाच्या विकाराचा असा हळूहळू उभा राहताना पाहिलं. माझ्याही डोळ्यांपुढची जाड भिंगं गळून पडत होती. प्रमोशन हिचं खरंच हुकलं होतं, ते मात्र जुळलं. आणि बायकोशी न पटणारा हा भाग तर आता माझ्याच अंगावर येऊन पडला होता.

"शंकासुर," ही म्हणाली.

डॉक्टरांचा सल्ला विसरून मी खाली बघू लागलो.

ही उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि चहाचा एक कप घेऊन बाहेर आली. एकच. तो घेऊन माझ्यासमोर बसली.

"स्टुलाचा फोटो तुम्ही मागितलात?"

"हो."

"त्या माणसाची मुलगी हॉस्पिटलमधून घरी गेली, स्टुलाचा फोटो काढला, परत आली. बापाला अंघोळ घालायची सोडून. आणि मला फोनवर म्हणाली, मॅडम, स्टुलाला पण दाखल करायचंय का."

"एकेक प्रश्न विचारायचं तूच सांगितलं होतंस," मी म्हणालो.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि लांब लिहायला तुम्ही."

या वाक्यानंतर खरं तर दोघांनी हसायला हवं होतं. माझ्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण ही हसत नव्हती. तिला ती मुलगी आठवत होती, आणि मला जे आठवत होतं ते सगळं माझ्याच बाजूचं होतं: माझा अनुभव, माझी सचोटी, मी आजवर पकडलेले खोटे दावे. मी म्हणालो, "शंका घेणं हे माझं कामच आहे." ती म्हणाली, "हो, आणि ते तुम्ही घरी आणता." मी म्हणालो, "ऑफिसच घरी आहे." अशा वाक्यांना तसा अंत नसतो.

तेवढ्यात लेव्हलकाका आले. पुठ्ठा दोन-तीन दिवसांनी कलतो, म्हणून ते तपासायला यायचे. खोलीतली हवा त्यांच्या लक्षात आली नाही. हवेला बुडबुडा लावता येत नाही. त्यांनी पुठ्ठ्याला बाटली टेकवली.

"काका," ही म्हणाली, "तुम्ही त्रयस्थ आहात. मला सांगा, चांगला धडधाकट माणूस स्टुलावरून कशाने पडेल?"

"स्टूल लेव्हलमध्ये नसेल तर," काका वर न बघताच म्हणाले. "दुसरं काय?"

मी ताडकन उठलो. आजवरच्या साऱ्या निबंधांत हा मुद्दा कुठे आला नव्हता, आणि माझ्या साऱ्या शंकांतही. मी उंची विचारली, फोटो मागितला, आवश्यकता विचारली. पाय समान आहेत का, हे मला सुचलं नाही. हिने माझ्याकडे पाहिलं. तोच विचार तिच्याही डोक्यात आला होता, पण ती माझ्या आधी फोनपाशी पोचली. आत जाऊन, दार लावून, त्या मुलीशी बोलली. बाहेर आली तेव्हा चेहरा बदललेला होता. मुलगी काय म्हणाली ते हिने मला सांगितलं नाही, शपथ होती. पण ती माझ्या कपासाठी पाणी ठेवायला गेली, त्यावरून मी काय ते समजलो.

आता प्रश्न माझा होता. ज्या फाइलीवर बायकोने लिहिलंय तिच्यावर मी निर्णय देणं म्हणजे न्यायाला पुठ्ठासुद्धा उरला नाही. मी मंजूर केली तर घरचा मामला, नामंजूर केली तरी घरचा मामलाच, फक्त वेगळा. मी फोन उचलला आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना सगळं सांगून टाकलं. पलीकडे खुर्ची करकरली. ते खरोखरच बसले असावेत.

"म्हणजे प्रश्न तुम्ही विचारत होतात," ते म्हणाले, "आणि उत्तरं घरातूनच येत होती."

"हो. पण नकळत."

"एकाच पडद्यावर."

"त्याला आपणच मंजुरी दिली होती."

"पुठ्ठ्याला दिली होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "थोडक्यात, तुमच्या घरातून दोन्ही बाजूंनी खेळ चालला होता."

"आम्हाला माहीत नव्हतं, साहेब."

"आणि मॉनिटर गेमिंगचा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मला प्रथमच समाधान जाणवलं.

चौकशी झाली. आमची दोघांची जुनी पत्रं कोणीतरी शांतपणे बसून वाचली असणार, आणि त्या माणसाबद्दल मला आजही सहानुभूती आहे. निष्कर्ष असा निघाला की संगनमत असतं तर इतकं भांडण झालं नसतं. त्या जोरावर माझी नोकरी वाचली. मला हॉस्पिटलच्या दाव्यांवरून काढून गाड्यांच्या दाव्यांवर टाकण्यात आलं. माणसांच्या हाडांवरून मी बंपरवर आलो. विभागप्रमुखांनी मीटिंगमध्ये 'नवी जबाबदारी' असा शब्द वापरला तेव्हा मी नेमका पिवळा पडलो होतो. त्यात दिव्यांचा वाटा किती आणि माझा किती, ते सांगता येणार नाही.

घड्याळजींची फाइल दुसऱ्या कोणा परीक्षकाकडे गेली. हिने त्याच्यासाठी जय्यत तयारी केली. स्टुलाचा तो आखूड पाय, त्याखाली घातलेली कागदाची घडी, ती घडी फरशी पुसताना सरकली तो दिवस, शेजाऱ्यांचा जबाब, घड्याळजींच्या आजवरच्या तपासण्यांत चक्कर हा शब्द कुठेच नसणं, हे सगळं तिने लिहून काढलं. चांगला पाच-सहा पानांचा मजकूर. पुठ्ठ्यापलीकडून कीबोर्डचा आवाज असा यायचा की मला माझ्या मोडक्या दिव्यांच्या आणि चेपलेल्या दारांच्या फोटोंची लाज वाटू लागली.

तिने ते पाठवलं. आणि त्याच दुपारी उत्तर आलं.

पलीकडे बराच वेळ काहीच हालचाल नाही असं पाहून मी पुठ्ठ्यावर टकटक केली. उत्तर आलं नाही. मी वाकून पाहिलं. ही पडद्याकडे बघत बसली होती. तिच्या त्या भल्यामोठ्या अर्ध्या भागात, पांढऱ्या पटांगणात, एकच शब्द होता. मंजूर.

"अगं, मग छान झालं की," मी म्हणालो.

"छानच झालं. मुलीला फोन केला मी. रडली ती." हिने पडद्यावरच्या शब्दाकडे बोट केलं. "पण त्याने वाचलं नाहीये."

"कशावरून?"

"मी पाठवलं आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत मंजूर. सहा पानं चहा उकळायच्या आत कोणी वाचतं का?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "शंकासुर निदान वाचायचा. शब्दन् शब्द वाचायचा, मेला."

लग्नानंतर माझ्या कामाबद्दल हिने काढलेले हे पहिलेच गौरवोद्गार. मी खुर्ची उचलून पुठ्ठ्याला वळसा घातला आणि तिच्या खिडकीत जाऊन बसलो. म्हटलं, "नावं गाळून वाच. ऐकतो मी."

"तुम्ही आता गाड्यांचे आहात."

"कामाची वेळ संपली माझी."

तिने वाचलं. सुरुवातीला जरा संकोचत, मग चांगलं ठसक्यात, स्वल्पविराम घेत. मी नाकातून नक्कल केली नाही. कागदाच्या घडीचा परिच्छेद तर इतका सुरेख साधला होता की माझ्याकडे आला असता तर मी पाणी न पिता वाचला असता. वाचून झालं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत वही दाखवून मुलं बघतात तसं.

"मंजूर," मी म्हणालो. "वाचून मंजूर."

"खरं?"

"अगदी खरं. एक शंका सोडली तर."

"कोणती?"

"घडी सरकली हे ठीक. पण फरशी त्या दिवशी पुसली होती याला पुरावा काय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता उठणार, आत जाणार, आणि एकच कप घेऊन येणार. फाइल तर कायमची बंद झाली होती, उत्तर मागणारं कोणी नव्हतं आणि पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार.

हिने खुर्ची पुढे घेतली, कीबोर्ड ओढला आणि नवा परिच्छेद पाडला.